फक्त मरणाची तार

धन्यकुमार उपाध्ये रांगेत नेहमी शेवटी उभा राहायचा. लढाई संपली, स्वराज्य आलं, तरी सांगलीत रेशनच्या दुकानापुढची रेटारेटी काही संपली नव्हती. बायाबापड्या एकमेकींना कोपरं मारायच्या, शिव्यांची लाखोली वाहिली जायची, आणि हा आपला काळी टोपी सारखी करत मागेच. मागून कुणी आलं की बाजूला सरायचा आणि म्हणायचा, "या, तुम्ही पुढं व्हा." त्याच्या मागून आलेले साखर घेऊन घरी जायचे, चहा पिऊन बाजारात यायचे, तरी हा तिथंच. कित्येकदा त्याची पाळी येईतो दुकानदार फळ्या लावून घ्यायचा आणि उपाध्ये रिकामी पिशवी घडी घालून घरी परतायचा. बायको राजमती कपाळावर हात मारून घ्यायची. हळदपेठेतले लोक म्हणायचे, काय नम्र माणूस आहे हो!

नम्र कसला डोंबलाचा! ज्यांनी त्याला बेचाळीसच्या पावसाळ्यात कऱ्हाडच्या तार ऑफिसात खिडकीमागे बसलेला पाहिलाय त्यांना विचारा. तेव्हा कोण आधी आणि कोण मागे हे तोच ठरवायचा, आणि ठरवताना त्याच्या तोंडाला पाणी सुटायचं.

जन्म सांगलीतलाच. बाप बस्तीत, म्हणजे जैनांच्या देवळात, पुजारी. घरात पाणी गाळून प्यायचं, कांदा-लसूण उंबऱ्याबाहेर, आणि दिवस मावळल्यावर तोंडात घास घालायचा नाही, कारण अंधारात ताटात एखादा जीव पडला तर त्याची हत्या लागते. पोरगं हुशार निघालं. इंग्रजी शिकलं, तारखात्यात चिकटलं, तारयंत्राच्या चावीवर कट्ट-कड्ड करायला शिकलं आणि बदल्या होत होत कऱ्हाडला तारमास्तर म्हणून येऊन बसलं. अंगानं किडकिडीत, कोट नेहमी झाडलेला, कानावर पेन्सिल. काम चोख. चहासुद्धा कुणाचा फुकट प्यायचा नाही. लाच म्हणून एक गुळाचा खडा त्यानं कधी घेतला नाही, हे त्याच्या वैऱ्यानंही कबूल करावं. पण माणसाला काहीतरी लागतंच. उपाध्ये मास्तर नमस्कार घ्यायचा. खिडकीपुढे कुणी वाकून "मास्तर, तेवढं आमचं बघा की" म्हटलं की त्याला तूप-साखर खाल्ल्यासारखं व्हायचं.

आणि बेचाळीसच्या त्या ऑगस्टपासून सगळा तालुका त्याच्यापुढे वाकायला लागला.

त्याचं कारण असं झालं. गावोगावची पोरं रात्री खांबावर चढून तारा तोडायला लागली. दिवसा सरकारी माणसांनी तार जोडायची, रात्री पोरांनी ती तोडून विहिरीत टाकायची, असा खेळ सुरू झाला. कऱ्हाडहून सांगलीकडे जाणाऱ्या तारांपैकी एकच कशीबशी जित्ती राहिली, तीही कधी आहे तर कधी नाही. एका तारेवरून एका वेळी एकच निरोप जाणार. मग कुणाचा आधी? वरून हुकूम आला. पोलीस आणि कलेक्टर कचेरीच्या तारा सगळ्यांच्या आधी. मग लष्कराच्या. मग रेल्वेच्या. ते सगळं संपून तार मोकळी राहिली तर खाजगी माणसाची घ्यायची, आणि तीसुद्धा फक्त मरणाची. लग्न, बारसं, बाजारभाव, आजारपण, काही म्हणजे काही चालणार नाही. आजारपण का नाही, असं मास्तरला लोकांनी विचारलं. मास्तर काय सांगणार? आजारी आहे असं कुणीही खोटं सांगेल, मेलं असं कोण खोटं सांगणार, असा वरच्या साहेबाचा हिशेब असावा.

साहेबाला आमची माणसं काय ठाऊक!

पहिला मुडदा पाडला मदननं. हा सांगलीच्या एका हळदीच्या अडत्याचा कऱ्हाडातला माणूस, गोरागोमटा, कानात अत्तराचा फाया, तोंडात विडा. भाव कळवल्याशिवाय त्याचा धंदा चालत नव्हता. तो सुतकी चेहरा करून खिडकीशी आला आणि म्हणाला, "मास्तर, आमचं काका वारलं."

"केव्हा?" मास्तरनं विचारलं.

"झाली की आठ वरसं. पर कवा वारलं ते कागदावर लिवा असं कुठं म्हंतोय सायेब?" आणि त्यानं डोळा मिचकावला.

मास्तर आधी दचकला. मग हसला. हसला आणि फसला. खरोखरीच नियमात कुठं होतं की मरण ताजंच पाहिजे? काका वारले म्हणजे हळद उतरली, काकी वारल्या म्हणजे हळद चढली, असं मदनचं आणि त्याच्या शेठचं ठरलेलं. मास्तरनं तार लावून दिली आणि मदननं कमरेत वाकून नमस्कार केला.

ही गोष्ट लपून राहते काय? आठवड्याभरात तालुक्यातले मेलेले पुन्हा मरू लागले. कुणाचे आजे, कुणाच्या पणज्या, पटकीत गेलेले, प्लेगात गेलेले, सगळे उठून कऱ्हाडच्या खिडकीशी रांग लावून मरायला लागले. पलटणीतल्या लेकाला बोलवायचं असलं, पोरीच्या सासरी निरोप धाडायचा असला, की घरातला एखादा जुना मेलेला हुडकायचा. मास्तर कानावरची पेन्सिल काढून मान वर न करता विचारायचा, "कोण वारलं?" आणि रांगेत खसखस पिकायची. हे विचारण्यात त्याला भारी मौज वाटायची. लोकांनी त्याला यमाचा कारकून असं नाव ठेवलं. त्याला ते समजलं तेव्हा त्यानं राजमतीला घरी जाऊन कौतुकानं सांगितलं. ती बिचारी म्हणाली, "शुभ बोला की वो जरा." त्यावर तो तिलाच हसला.

मेलेल्याचं नाव पाहिजे म्हणजे पाहिजे, एवढा त्याचा दंडक होता. ज्याच्या घरात कुणी मेलेलं नाही असं घर कऱ्हाड तालुक्यात कुठून असणार? म्हणजे सगळ्यांची सोय. मास्तरला वाटायचं, आपण लोकांवर उपकारच करतोय. खोटं कशाला बोला, थोडे केलेही.

अशातच बंडखोर गावांना धडा शिकवायला एक साहेब कऱ्हाडच्या बंगल्यात येऊन उतरला. त्याच्याबरोबर पोलीस, आचारी आणि नानासो नावाचा एक कारकून. हा नानासो म्हणजे साहेबाच्या जोड्यावरची धूळ आपल्या कपाळाला लावणारा. पंचाईत अशी झाली की साहेबाच्या आचाऱ्याला भोवतालच्या गावांत कोंबडी विकत मिळेना. खुराडी भरलेली, पण विचारलं की बाया म्हणायच्या, "रोग पडला, समद्या मेल्या." कोंबड्यासुद्धा तारेपुरत्या मरायला शिकल्या होत्या म्हणायच्या! मग नानासो सरकारी तार घेऊन आला. सांगलीहून गाडीनं कोंबड्या पाठवा. सरकारी तार म्हणजे पहिला मान. मास्तरनं ती लावली. दुपारी दुसरी आली, कोंबड्या तरण्या पाठवा. मग तिसरी, बरोबर अंडी पाठवा. तेवढा वेळ रेल्वेची तार थांबली, लष्कराची थांबली आणि रांगेतले मेलेलेही थांबले.

त्याच दिवशी केरबा आला.

केरबा कोयनाकाठच्या एका वाडीचा, पाटणच्या वाटेवरचा. उसाचा थोडा तुकडा, दोन बैल, लेक लालासाहेब पलटणीत. वयानं साठीच्या पुढचा, पण ताठ. डोक्याला तांबडा पटका. पहाटेच तो नातीला गाडीत घालून कऱ्हाडला घेऊन आला होता. मनू तिचं नाव, सहा वर्षांची पोर. गळा सुजलेला, श्वास घेताना शिट्टीसारखा आवाज येत होता. डॉक्टरनं घशात बघितलं आणि सांगितलं, घटसर्प आहे. लस टोचली तर वाचेल. लस इथं नाही, सांगलीच्या औषधवाल्याकडे आहे. तार करा, तो उद्याच्या गाडीच्या गार्डाबरोबर पुडकं पाठवील. माणूस पाठवाल तर जाऊन परत येईपर्यंत उशीर व्हायची भीती आहे. केरबानं पोरीला आणि तिच्या आईला, शालूबाईला, दवाखान्याच्या पडवीत बसवलं आणि चिठ्ठी घेऊन तो तार ऑफिसात आला. दवाखाना दोनच गल्ल्या पलीकडं होता.

"कोण वारलं?" मास्तरनं मान वर न करता विचारलं.

केरबा एकदम मागे सरला. "कोन न्हाई मास्तर. असं का वो वंगाळ बोलताय? नात आजारी हाय. औशिद मागवायचंय."

रांगेतले हसले. मास्तरलाही हसू आलं. त्यानं चिठ्ठी वाचली. एवढं खरं की वाचल्यावर तो हसायचा थांबला. त्यालाही एक पोरगी होती. त्यानं आवाज खाली आणून सांगितलं, "हे बघा आजोबा, आजाराची तार घ्यायला बंदी आहे. पण मी वाट काढतो. तुमच्या घरात कोण वारलेलं आहे?"

"आमची मंडळी. मनू व्हायच्या आदी गेली."

"नाव काय?"

केरबा बायकोचं नाव घ्यायला अडखळला. शेवटी खाली बघून म्हणाला, "बनुबाई."

"झालं तर. बनुबाई वारली, लस गार्डाबरोबर पाठवा, असं लिहितो. औषधवाला शहाणा असेल तर समजेल. जाईल तुमची तार."

आता यात काय अवघड होतं? रांगेतल्या प्रत्येकानं हेच केलं होतं. पण केरबानं खिडकीच्या गजातून हात आत घातला आणि मास्तरची पेन्सिल धरली.

"न्हाई मास्तर. तसं लिवू नगा."

"का?"

"दहाव्याला तिचा कावळा शिवत नव्हता," केरबा म्हणाला. "सकाळधरनं नदीवर बसलो. समद्यांनी कबुल्या दिल्या. लालासायेबानं दिली, भावकीनं दिली. कावळा लांबनं बघायचा आन उडून जायाचा. दुपार टळली. मग म्या हात जोडून म्हनलो, सुनंच्या पोटात जे काय हाय त्येला मी जितं असंपतुर जपीन. तवा आला आन शिवला. तिचा जीव सुटलाय मास्तर, लय कष्टानं सुटलाय. पुन्यांदा मेली म्हनून लिवून त्यो परत अडकवू व्हय? आन मग मनूला कोन राखंल?"

मास्तरनं पेन्सिल ओढून घेतली. "अहो, कागदावरच तर लिहायचंय! सगळे लिहितात."

"समदे?" केरबानं मागं वळून रांगेकडे बघितलं. त्याच्या आवाजात काही खोच नव्हती. भाबडेपणानं विचारावं तसं त्यानं विचारलं, पण आवाज शेतात हाका मारून कमावलेला होता. "म्हंजे हितं समदी खोटीच मरत्यात व्हय मास्तर?"

दारात नानासो उभा होता. कोंबड्यांची पहिली तार त्याच्या हातात होती. त्यानं मान वळवून मास्तरकडे बघितलं, नुसतं बघितलं.

हा साहेबाला सांगणार, हे मास्तरनं ओळखलं. आणि भीती वाटली की माणूस जास्तच कडक होतो, हा अनुभव कुणालाही आहे. गावात सगळे त्याचे उपकार वाकून घेत होते आणि हा पटकेवाला उपकार नको म्हणतो, वर साहेबाच्या कारकुनापुढे अब्रू काढतो. मास्तर उठून उभा राहिला.

"नियम म्हणजे नियम," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा बोलला. "मरण नसेल तर तार नाही. बाजूला व्हा. पुढचा!"

केरबानं हात जोडले, पाया पडतो म्हणाला. पण पेन्सिल परत कानावर गेली होती. शेवटी तो ओसरीवर जाऊन खांबाला टेकून बसला. जायला दुसरी जागा कुठं होती? त्याला वाटलं, सरकारी काम सरलं की मास्तरचं मन वळेल. वळलं असतंही. मास्तर काही दगड नव्हता. त्याला वारंवार खिडकीतून तो तांबडा पटका दिसत होता. मनात आणलं असतं तर म्हाताऱ्याला न सांगता इंग्रजीत दोन शब्द घुसवून तार लावता आली असती. म्हाताऱ्याला वाचता कुठं येत होतं? कुणाचं काय गेलं असतं? पण नानासो बाकावर पाय पसरून बसला होता, आणि मास्तरला स्वतःच्या तोंडचा शब्द गिळायचा नव्हता. ओसरीवर बसून केरबानं दिवसभर ऐकलं. कोंबड्या. तरण्या कोंबड्या. अंडी. मधूनच शालूबाई पदर डोक्यावरून ओढत यायची, विचारायची, "मामंजी, गेली का तार?" आणि हा नुसती मान हलवायचा. ती परत दवाखान्याकडे पळायची.

दिवस कलला तेव्हा नानासो उठून गेला. रांग पांगली. सरकारी कागद संपले आणि तार मोकळी झाली. मास्तरनं ओसरीवर येऊन केरबाला हाक मारली.

"या इकडं. पाठवतो तुमची. बायकोचं नाव नाही घालत."

केरबानं त्याचे पाय धरले. मास्तरनं मोठ्या मनानं त्याला उठवलं, आत येऊन फॉर्म भरला आणि इंग्रजीत "काका वारले" असं कुठल्या तरी काकाच्या नावानं घालून खाली लस पाठवायला लिहिलं. केरबाला काका नव्हताच, म्हणजे कुणाचा जीव अडकायचा प्रश्न नव्हता. इतकं सोपं होतं ते. सकाळी सुचलं असतं तर!

"जा आता दवाखान्यात. उद्या स्टेशनावर जाऊन गार्डाकडून पुडकं घ्या," मास्तर म्हणाला.

"देवमानूस हायसा," केरबा म्हणाला आणि लगालगा चालू लागला.

मास्तर चावीवर हात ठेवणार तोच मदन धापा टाकत आत आला. "मास्तर, काकी वारली, काकी! एकदम चढलीया. येवढी एकच घ्या, तुमच्या पाया पडतो. शेटजींनी आत्ता खरेदी केली तर केली, न्हाईतर गेलं समदं." आणि तो खरंच वाकला. अत्तराचा घमघमाट सुटला.

आता दोन कागद मेजावर होते. एकाचा धनी निघून गेला होता, दुसऱ्याचा समोर वाकून उभा होता. मास्तरनं समोरच्याचा आधी घेतला. दोन मिनिटांचं तर काम, असं त्याला वाटलं. मदनची तार गेली. सांगलीहून पोच आली. आणि मागच्या दारातून राजमतीनं तांब्या वाजवला. सूर्य डोंगराला टेकला होता. ती उंबऱ्यात उभी राहून म्हणाली, "ताट वाढलंय. दिवस चाललाय वो."

मास्तर उठला. जन्मात त्यानं दिवस मावळल्यावर घास घेतला नव्हता, आजच कसा घेणार? धर्मानं त्याला उपाशी राहायलाही सांगितलं असतं, ती वाट मोकळी होती. एक रात्र पोटाला चिमटा घेतला असता तर कुठं आभाळ कोसळणार होतं! पण दिवसभर डोकं उठलं होतं आणि भाकरीचा वास येत होता. जेवून आल्यावर म्हाताऱ्याची तार लावू, तार काय पळून जाते? तो पाय धुऊन पाटावर बसला. ताटात काही पडलेलं नाही ना हे त्यानं निरखून बघितलं, एक मुंगी होती ती बोटानं अलगद बाजूला ठेवली, आणि उजेड होता तोवर सावकाश जेवला.

तो परत येऊन चावी दाबतो तो यंत्र मुकं. पोरांनी आज लवकरच तार तोडली होती.

इथंही वेळ गेली नव्हती, हे मला सांगितल्यावाचून राहवत नाही. दवाखाना दोन गल्ल्या पलीकडं. उठून सांगितलं असतं की तार गेली नाही, तर केरबानं रातोरात बैल जुंपले असते, घोडं काढलं असतं, पळत गेला असता. तसला गडी होता तो. पण मास्तर गेला नाही. "देवमानूस" म्हणून गेलेल्या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं? सकाळी तार जुळेल, सकाळी लावू, गाडीला वेळ आहे, अशी त्यानं मनाची समजूत घातली. माणसाला स्वतःची समजूत घालायला फार अक्कल लागत नाही. सकाळी तार जुळली नाही. दुपारीही नाही. गाडी मात्र आली, कारण रूळ त्या दिवशी कुणी उखडले नव्हते.

स्टेशनावर काय झालं ते मास्तरला गावाकडून कळलं. केरबा पहाटेपासून फलाटावर बसला होता. गाडी आल्यावर पटका काढून गार्डापुढे गेला आणि आपल्या नावाचं पुडकं मागितलं. गार्डानं सगळा डबा बघितला. पुडकं नव्हतं. कऱ्हाडसाठी आलेली एकच वस्तू होती, कोंबड्यांची एक मोठी बांबूची डाल. सरकारी तार पोचली होती. साहेबाचा पोलीस डाल घ्यायला आला होता, त्याला हमाल मिळेना. त्यानं केरबाला फर्मावलं, "ए म्हाताऱ्या, गावाकडंच चाललायस न्हवं? घे डोक्यावर." पोलिसापुढं त्या दिवसांत कोण बोलणार? आणि केरबाला काही ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. त्यानं डाल डोक्यावर घेतली. स्टेशन गावापासून चांगलं लांब. एवढी वाट तो कोंबड्यांचा कलकलाट डोक्यावर घेऊन चालला, बंगल्यावर डाल उतरवली आणि मग दवाखान्यात गेला.

मनू त्या संध्याकाळी गेली. शालूबाईचा टाहो तार ऑफिसात ऐकू आला. राजमतीनं नवऱ्याचं ताट वाढलं होतं, तिनं विचारलं, "कोन वो गेलं?" मास्तरनं ताट निरखून बघितलं आणि तो जेवला.

दुसऱ्या दिवशी तार जुळली. तुंबलेली रांग ओसरीच्या खालपर्यंत गेली होती. मेजावर सगळ्यात वर नानासोची सरकारी तार होती. आलेल्यांतल्या निम्म्या कोंबड्या वाटेत गुदमरून मेल्या, आणखी पाठवा. मास्तर मान खाली घालून एकेक कागद घेत होता. एक सावली खिडकीत आली. सवयीनं, नुसत्या जिभेच्या सवयीनं, त्यानं विचारलं, "कोण वारलं?"

"मनू," केरबा म्हणाला.

मास्तरच्या हातातली पेन्सिल थांबली. त्यानं वर बघितलं. पटका डोक्यावर नव्हता, खांद्यावर टाकलेला होता. दाढीचे पांढरे खुंट वाढले होते. रांगेत सकाळपासून चाललेली खसखस बंद झाली. मदन मागे होता, त्यानं विडा गालात सरकवला.

"लालासायेबाला कळवायचंय, पलटणीत," केरबा म्हणाला. मग तो गजांजवळ तोंड नेऊन हळू आवाजात विचारायला लागला. त्याच्या विचारण्यात राग नव्हता. राग असता तर मास्तरला बरं वाटलं असतं. "आता खरं हाय मास्तर. आता चालंल न्हवं?"

मास्तरनं फॉर्म भरला, पोरीचं नाव लिहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारी क्रम मोडून नानासोची सरकारी तार खाली सरकवून तो कागद सगळ्यांच्या वर ठेवला.

"आत्ता लावतो," तो म्हणाला. "सगळ्यांच्या आधी तुमची."

केरबानं मेजावरच्या कागदांकडे बघितलं. "ती खाली घातली ती कुनाची?"

"साहेबाची."

"कोंबड्यांची?"

मास्तरनं मान हलवली.

"मग तीच जाऊ द्या आदी," केरबा म्हणाला. "त्या जित्त्या हायती, मास्तर. जित्त्याला घाई असती. आमच्या मनूला आता कशाची घाई?"

आणि तो जाऊन ओसरीवर त्याच खांबाला टेकून बसला. मास्तरनं मनूचा कागद उचलून बाजूला ठेवला, नानासोची तार पुढे घेतली आणि कोंबड्या मागवल्या.